लाल रेषेच्या उत्तरेकडील गुरांना युरोपचा बाजार का बंद?

विचारणा (दूध-उत्पादक, सत्तरी)
आमच्या गोठ्यात दर सहा महिन्यांनी लाळ-खुरकुताची लस टोचली जाते आणि प्रत्येक जनावराच्या कानात 12 आकडी बिल्ला आहे. नामिबियात मात्र देशाच्या आरपार 'लाल रेषा' म्हणून ओळखले जाणारे कुंपण असून दक्षिणेकडील गोमांस युरोपला जाते, उत्तरेकडील जात नाही, असे वाचले. निरोगी जनावराचा बाजार ते कुंपणाच्या कोणत्या बाजूला जन्मले यावरून ठरावा, यात शास्त्र किती आणि राजकारण किती?

उत्तर (निवृत्त पशुवैद्य, फोंडा)
शास्त्र आहे, हे आधी मान्य करावे लागेल. आफ्रिकेतील सॅट 1, 2 आणि 3 हे लाळ-खुरकुताचे विषाणू रानरेड्यांत टिकून राहतात. रेडा आजारी दिसत नाही, पण विषाणू वर्षानुवर्षे बाळगतो. (तुमच्या कुळागरात उतरणारे गवे आठवा, म्हणजे कुंपणाची गरज पटेल.) 2001 च्या साथीत ब्रिटनने साठ लाखांहून अधिक जनावरे मारली, त्यामुळे तिकडचे खरेदीदार जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या 'रोगमुक्त प्रदेश' या दर्जाशिवाय सहसा बोलतच नाहीत. हा दर्जा एका उद्रेकाने जातो. दक्षिण आफ्रिकेचा जानेवारी 2019 मध्ये गेला.

उत्तर (मांस-निर्यातीत काम केलेला, मडगाव)
डॉक्टरांचे म्हणणे जिवंत जनावराला लागू आहे, मांसाला तेवढे नाही. कापलेले मांस 2 अंशांहून अधिक तापमानात किमान 24 तास मुरवले, त्याचा सामू 6 च्या खाली उतरला आणि हाडे व प्रमुख लसिका ग्रंथी काढल्या, तर धोका नगण्य उरतो, हे त्याच संघटनेची संहिता मानते. आपल्याकडे हा रोग असूनही म्हशीचे हाडविरहित गोठवलेले मांस व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्तला जातेच ना! अडचण खरेदीदाराच्या अटींची आणि खर्चाची आहे. बोत्सवानाने युरोपसाठी गुरांच्या पोटात मायक्रोचिप असलेली गोळी घालून प्रत्येकाची नोंद ठेवली. दहा-बारा गुरे राखणाऱ्याला असला खर्च एकट्याने झेपणारा नाही.

विचारणाऱ्याचा प्रतिसाद
म्हणजे मुरवण्याची सोय आणि नोंदणी उत्तरेतच उभी राहिली, तर कुंपण तसेच ठेवूनही मांस बाहेर जाऊ शकेल?

पशुवैद्य
तांत्रिकदृष्ट्या होय, शिवाय रेड्यांचा वावर आहे तिथे कुंपण लागेलच. राजकारणाबद्दल विचारलेत म्हणून सांगतो: त्या रेषेचे मूळ 1896-97 च्या बुळकांडी या गुरांच्या साथीच्या वेळी जर्मन राजवटीने केलेल्या बंदोबस्तात आहे. बुळकांडी 2011 मध्ये जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. रेषा उरली, फक्त तिचे कारण बदलले.