पणजीबद्दल लिहायचंय, पण ‘कष्टाळू होती’च्या पुढे कसं जायचं?

सत्तरीचा_पणतू
पणजीच्या आठवणींची वीस-पंचवीस पानी पुस्तिका घरच्यांसाठी काढायची आहे. सासर-माहेर दोन्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातच. फोटो एक, जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो, ‘खूप कष्ट काढले तिने.’ कागद कुठे शोधू? आणि कामाबद्दल नेमकं काय लिहू?

जुनी_वही
आधी तिचं माहेरचं, पाळण्यातलं नाव मिळवा. आपल्याकडे लग्नात नाव आणि आडनाव दोन्ही बदलायचं, त्यामुळे सासरच्या नावाने जन्माच्या वहीत शोधलंत तर ती सापडणारच नाही. उलट्या क्रमाने जा: मृत्यू, मग लग्न, मग जन्म. लग्नाची नोंद सापडली तर तिच्यात आई-वडिलांची नावं मिळतात.

नोंदणी 1914 पासून सक्तीची झाली. तालुक्याच्या नागरी नोंदणी कार्यालयात विचारा. जुन्या वह्यांसाठी पुराभिलेख खातं. (हो, पणजीसाठी पणजीलाच जावं लागतं.) मजकूर पोर्तुगीजमध्ये असतो. ‘श’ला एक्स लावत, म्हणून शांता ‘एस’खाली शोधू नका. ‘क’ला सी, ‘के-कि’ला क्यू. जन्माची आणि नोंदीची तारीख वेगवेगळी असते, दोन्ही उतरवून घ्या.

धंद्याच्या रकान्यात ‘दोमेश्तिका’, म्हणजे घरकाम करणारी, असं दिसलं तर ते खरं धरू नका. चिखलात लावणी करणाऱ्या बाईपुढेही कारकून तेच लिहायचा. एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या नोंदीवर) कूळ म्हणून नाव असेल तेही बहुतेक पणजोबांचं. तिचं काम कागदात मिळणार नाही.

वायंगण
बरोबर. म्हणूनच ‘कष्ट’ हा शब्द पुस्तिकेतून काढून टाका. एकेक काम घ्या आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहा. उकडे तांदूळच बघा. संध्याकाळी तांब्याच्या भाणात, म्हणजे मोठ्या भांड्यात, टरफलासकट भात घालून वर चार बोटं पाणी, खाली जाळ. पाणी कढत झालं की जाळ काढायचा आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी पाणी काढून तळाला थोडंसंच ठेवायचं आणि झाकून वाफवायचं, टरफल फुटेपर्यंत. आदल्या रात्री पाणी नीट तापलं नाही तर भात आंबतो, तांदळाला वास येतो आणि तो पेजेतही जात नाही. वाफ कमी पडली की दाण्याच्या पोटात पांढरा ठिपका राहतो. तो दाणा मुसळाखाली तुटतो.

मग सारवलेल्या खळ्यावर वाळवण. इथेच खरी कसोटी. कडक उन्हात एका दमात वाळवला तर दाण्याला चिरा पडून कण्याच जास्त होतात, म्हणून पायाने सारखा परतायचा आणि अर्धवट सुकला की सावलीत ओढायचा. पुढे कांडणं, सुपाने पाखडणं, पुन्हा कांडणं. दोन पायली भाताचे जेमतेम एक पायली तांदूळ. घरात माणसं किती, दिवसाला तांदूळ किती लागत, हे विचारलंत की आठवड्यातून किती वेळा भाण चढत होतं त्याचा हिशेब आपोआप निघेल. गावात गिरण कोणत्या साली आली तेही विचारा. कांडण तिथे संपतं.

दिवचलकर
वरच्याला एक जोड. सरद आणि वायंगण वेगळं लिहा. सरदीचं भात पावसावर, जूनमध्ये पेरून पावसाळा संपता कापायचं. वायंगण पाटाच्या पाण्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी कापणी. दोन्ही पिकं घेणाऱ्या घरातल्या बाईचं वर्ष आणि एकच पीक घेणाऱ्या घरातलं वर्ष सारखं नसतं.

म्हाताऱ्यांना साल विचारू नका, खुणा विचारा: गोवामुक्तीच्या (19 डिसेंबर 1961) आधी की नंतर? मजुरी रुपियांत की एस्कुदांत (दोन्ही पोर्तुगीज काळातली नाणी)? एस्कुद 1958-59 च्या सुमारास आले. की मजुरी भातातच मिळायची? आणि ‘पहाटे चारला उठायची’ असं कुणी म्हणालं तर घरात घड्याळ होतं का ते आधी विचारा. नसेल तर ‘पहिला कोंबडा आरवला की’ असंच ठेवा.

सत्तरीचा_पणतू
देव बरें करूं. घरात तिची लाकडी पायली आहे, तळाला चीर गेलेली. त्या पायलीने मोजलं तर चालेल?

वायंगण
चालेल. चिरेवर आतून कागद बसवा. तांदूळ नको, सुकं भातच भरा, कारण भाताचं माप भातानेच कळतं. तीनदा भरून तीनदा वजन करा. पण त्याआधी पायली सपाट भरत की शीग लावून, ते विचारा. आणि भाटकाराचा (जमीनमालकाचा) खंड घालताना एक रीत, मजुरी घेताना दुसरी, असं होतं का, तेही. उत्तर मिळालं तर त्याला वेगळं पान द्या.