मदत हवी आहे: बाबांसाठी विसरलेल्या मालिका सुचवा

मंडळी, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, महिनाभर सहकारनगरच्या घरातच मुक्काम. सासू-सुनांची मालिका लागली की रिमोट उशीखाली सरकवतात! अल्फा मराठीवरची 'प्रपंच' दाखवली. सुधीर जोशींसाठी काही भाग दोनदा झाले. मग 'मिस्टर योगी'. अमेरिकेहून आलेला मोहन गोखले बारा राशींच्या १२ मुली बघतो आणि सूत्रधार ओम पुरी मध्येच टोमणे मारतो. बाबा इतके हसले की चहा चादरीवर.

आता साठा संपला. अशा फारशी चर्चा न झालेल्या, लवकर आटोपणाऱ्या मराठी-हिंदी मालिका सुचवा ना. 'ब्योमकेश बक्षी' तोंडपाठ आहे, तो नको. खून चालतील, रडारड नाही. आणि कुठे बघायला मिळेल तेही लिहा, शोधण्यातच माझी दुपार जाते.