श्रमदानातून स्केटपार्क: बर्नसाइड आणि जनवार

स्केटपार्क, म्हणजे चाकांच्या फळीवरून (स्केटबोर्डवरून) खेळण्यासाठी काँक्रीटचे उतार असलेली जागा, श्रमदानातून उभारताना परवानगी आणि निधी हाती आल्याखेरीज स्वयंसेवकांनी फावडे उचलू नये, हे मत मला अर्धेच पटते. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात बर्नसाइड पुलाखालच्या पडीक जागेत स्केटिंग करणाऱ्या तरुणांनी १९९० मध्ये कोणालाही न विचारता काँक्रीटचे उतार ओतायला सुरुवात केली आणि शहर प्रशासनाने ते पाडण्याऐवजी पुढे त्यांना मान्यता दिली. अर्थात असे नशीब प्रत्येक वस्तीच्या वाट्याला येत नाही.

मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावाचे उदाहरण मला अधिक उपयोगाचे वाटते. तेथे उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंच्या पुढाकाराने २०१५ मध्ये स्वयंसेवकांनी स्केटपार्क उभारला आणि ‘शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही’ व ‘मुली आधी’ असे नियम ठेवले.

वक्र उताराचे काँक्रीट मात्र हौशी हातांवर सोडू नये. ते ओले असतानाच थापीने गुळगुळीत करावे लागते, उशीर झाला की पृष्ठभाग खडबडीत राहून चाके अडतात, म्हणून एक-दोन कसलेले गवंडी हवेतच. खोदकाम, पाणी मारणे, रंगकाम, जागेत झोपाळे असल्यास त्यांखाली वाळू पसरणे ही कामे शेजारीपाजारी सहज करू शकतात. खोलगट भागाच्या तळाशी निचऱ्याची नळी काँक्रीट ओतण्यापूर्वीच बसवावी.