कंट्री, गावठी की ग्रामीण?

प्रश्न : डॉली पार्टन या अमेरिकन गायिकेवर लेख लिहिते आहे आणि पहिल्याच ओळीत अडले. ‘कंट्री म्युझिक’ला ‘ग्रामीण संगीत’ म्हटलं की सरकारी योजनेचं नाव वाटतं. ‘लोकसंगीत’ पटत नाही. नुसतं ‘कंट्री’ लिहावं तर आपल्याकडे त्याचा अर्थ देशी दारू! शिवाय तिचे वडील ‘शेअरक्रॉपर’ होते. ‘खंडकरी’ चालेल का?

उत्तर : ताई, ‘खंडकरी’ नको. खंड आधी ठरलेला असतो, पीक येवो न येवो, तो द्यावाच लागतो. पिकातला वाटा मालकाला देतो तो शेअरक्रॉपर, म्हणजे बटईचा शेतकरी. आमच्या गावात ‘अर्धेलीनं जमीन करतो’ म्हणतात. तुमच्या लेखाला हाच शब्द हवा, त्याचं कारण पुढे सांगतो.

‘लोकसंगीत’ तुम्हाला पटत नाही ते योग्यच आहे. जात्यावरची ओवी कुणी रचली हे कुणी विचारत नाही, ती दळणाऱ्या सगळ्या बायांची. कंट्रीत मात्र गाणं लिहिणाऱ्याचं नाव असतं, हक्क असतो आणि त्यावर त्याचं पोट चालतं. डॉलीचंच बघा. पोर्टर वॅगनर या कंट्री गायकाच्या टीव्ही कार्यक्रमात ती १९६७ पासून गात होती. तिथून बाहेर पडताना त्याचा निरोप घेण्यासाठी तिनं ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ लिहिलं. १९७४ साली ते गाजलं आणि एल्विस प्रेस्लीला गावंसं वाटलं. त्याच्या मॅनेजरनं अट घातली : प्रकाशनाचे निम्मे हक्क आम्हाला. डॉली रात्रभर रडली, पण नाही म्हणाली. पुढे १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टननं ते गायलं आणि जगभर पोचलं, तेव्हा गाण्याचा सातबारा डॉलीच्याच नावावर होता. बापानं दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसली, लेकीनं आपलं गाणं अर्धेलीनं द्यायला नकार दिला. ‘खंडकरी’ लिहिलंत तर हा धागाच तुटेल.

आता ‘कंट्री’. हे संगीत आधी ‘हिलबिली’ म्हणून विकलं जाई, म्हणजे डोंगरातला अडाणी. शब्द हिणवणाराच होता. ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत-नियतकालिकानं १९४९ मध्ये या गाण्यांच्या आपल्या लोकप्रियता-यादीला ‘कंट्री अँड वेस्टर्न’ नाव दिलं. मराठीत ही सगळी छटा एकाच शब्दात आहे : गावठी. गावठी कोंबडी, गावठी अंडी म्हणताना कौतुक, आणि माणसाला गावठी म्हटलं की अपमान. तरी मी लेखभर ‘कंट्री’च ठेवीन आणि एकदाच, सुरुवातीला, ‘गावठी’ची ही दोन्ही टोकं समजावून सांगेन. दारूचा अर्थ ‘कंट्री गाणी’, ‘कंट्री गायिका’ म्हटलं की आपोआप गळून पडतो.

प्रश्न : पटलं. अजून एक. तिच्या ‘कोट ऑफ मेनी कलर्स’ या गाण्याला ‘ठिगळांचा कोट’ म्हणू का?

उत्तर : ठिगळ लावतात ते फाटल्यावर. हा कोट फाटलेला नव्हता, आईनं चिंध्या जोडून नवाच शिवला होता. टेनेसीच्या सेव्हियर काउंटीत, डोंगरातलं घर, बारा भावंडं, त्यात डॉली चौथी. १९४६ मध्ये तिच्या जन्माच्या वेळी डॉक्टरला पैशांऐवजी मक्याच्या पिठाचं पोतं दिलेलं. अशा घरातली मुलगी तो कोट मिरवत शाळेत गेली आणि पोरं हसली. तिला कळेना, हसण्यासारखं काय आहे. हे गाणं तिनं प्रवासात, हाताशी कागद नव्हता म्हणून, लाँड्रीच्या पावतीवर लिहिलं.

माझी आजी गोधडीसाठी जुन्या लुगड्यांचे चौकोनी तुकडे कापून ठेवायची. त्यांना ती चिंध्या म्हणू द्यायची नाही, ‘धडपे’ म्हणायची. चिंधी टाकायची असते, धडपा जोडायचा असतो. म्हणून मी ‘धडप्यांचा कोट’ लिहीन.