दुसऱ्या मुलाचा निर्णय घेताना पैशांचा हिशोब किती धरावा?

ओंजळ

नमस्कार. आम्ही नाशिकला राहतो. माझे वय 34, यजमानांचे 37, आणि मुलगी या जूनमध्ये पहिलीत गेली. यजमान सातपूरच्या एका लहान कारखान्यात सुपरवायझर आहेत आणि मी एका पतसंस्थेत नोकरी करते. दोघांचे मिळून महिन्याला 71,000 रुपये हातात येतात, त्यातले 23,500 फ्लॅटच्या हप्त्याला जातात. शाळा, व्हॅन, किराणा आणि सासूबाईंची मधुमेहाची औषधे एवढे झाले की पाच-सहा हजार उरतात, आणि ज्या महिन्यात कुणाचे लग्न येते किंवा घरात दुखणे निघते त्या महिन्यात तेही उरत नाहीत.

सासूबाईंना दुसरे नातवंड हवे आहे, आणि खरे सांगायचे तर मलाही दुसरे मूल हवे आहे. मुलीची दुपटी आणि झबली मी धुऊन कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आहेत. ती कुणाला देऊन टाकू म्हटले की हात मागे येतो. तरीही गेल्या रविवारी मी किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर दुसऱ्या मुलाचा खर्च मांडला. ते पाहून यजमान म्हणाले, "मूल म्हणजे काय फ्रिज आहे, हप्ता परवडतो का ते बघायला?" सासूबाई म्हणाल्या, "ज्याने चोच दिली तो चाराही देतो." मी वही मिटली, पण प्रश्न मिटला नाही. मूल होऊ द्यावे की नाही हे पैशांवरून ठरवणे चुकीचे आहे का?

जमाखर्च

ताई, वही मिटू नका. मी वीस वर्षे लोकांचे हिशोब लिहितो आणि माझा अनुभव असा आहे की ज्या घरात आधी हिशोब मांडला जात नाही, त्या घरात तो नंतर भांडणात मांडला जातो.

मात्र तुमच्या पानावर काय लिहिले आहे ते पुन्हा तपासा. ज्याची पावती मिळते तेवढाच खर्च माणसे मोजतात: शाळेची फी, क्लास, पुढे कॉलेज. ज्याची पावती मिळत नाही असा सर्वांत मोठा खर्च म्हणजे आईचा बुडालेला पगार, आणि तो कुणाच्याच पानावर नसतो. प्रसूती रजेच्या कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळते, पण सत्ताविसाव्या आठवड्यात बाळ कुणाजवळ ठेवायचे? पाळणाघराची सोय करण्याचे बंधन 50 किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणीच आहे, आणि तुमची पतसंस्था लहान असेल तर ते तिला लागू होणार नाही. सासूबाईंच्या भरवशावर ठेवणार असाल तर त्यांच्या प्रकृतीला दिवसभर तान्हे बाळ झेपेल का, हे त्यांनाच विचारा. तुम्हाला दोन वर्षे घरी बसावे लागले, तर तेवढा पगार आणि परत आल्यावर मागे पडलेली बढती हे दोन्ही त्या पानावर यायला हवे.

दुसरीकडे, दुसऱ्या मुलाचा खर्च पहिल्याच्या दुप्पट नसतो. पाळणा, कपडे, पुस्तके घरातच असतात. बाळंतपणाच्या खर्चासाठी मेडिक्लेमवर विसंबून असाल तर त्यात प्रतीक्षा कालावधी किती आहे ते आत्ताच वाचा, कारण तो अनेकदा काही वर्षांचा असतो.

माझी एक सूचना आहे. दुसरे मूल घरात आहे असे समजून काही महिने राहून पाहा आणि दरमहा 9,000 रुपये पगाराच्या दिवशीच आवर्ती ठेवीत टाका. कुठे ओढाताण होते हे तुम्हा दोघांना कागदावर कळणार नाही इतके स्पष्ट कळेल, आणि मूल झाले किंवा न झाले तरी पैसे तुमचेच राहतील.

बालाघाट

मी 31 वर्षे बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवले. ताई, तुम्ही स्वतःच्या घरापुरता हिशोब मांडता आहात, तो तुमचा अधिकार आहे. पण "परवडत नसेल तर मूल होऊ देऊ नये" हे वाक्य दुसऱ्याच्या घराला लावले की किती कठोर होते ते मी पाहिले आहे, म्हणून लिहितो.

आमच्याकडे ऊसतोडीसाठी मुकादम, म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. जोडी असेल तर उचल मिळते, म्हणून लग्ने लवकर होतात, आणि लग्ने लवकर म्हणून मुलेही लवकर होतात. म्हणजे तिथेही पैसाच ठरवतो, फक्त तो शहरातल्यासारखा "थांबा" म्हणत नाही.

चौथीतली एक मुलगी पाडव्यानंतर वर्गात आली ती कडेवर वर्षाचा भाऊ घेऊन. आई-बाप उसाच्या फडात असताना कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीवर, तोच तिच्याकडे असायचा. हजेरीपटावर तिच्या नावापुढे पाच महिने गैरहजेरी होती. मी फळ्यावर हातच्याची बेरीज मांडली, तेव्हा शाळेतली खिचडी भावाला भरवता भरवता तिने मान वर करून बरोबर उत्तर सांगितले. त्या घराला दोन मुले परवडत होती का, असा प्रश्न मला तेव्हा सुचलाही नाही. मला एवढेच दिसत होते की या मुलीला त्या पाच महिन्यांत गावात राहायला जागा असती तर ती मागे पडली नसती. पुढे गावात हंगामी वसतिगृह सुरू झाले आणि त्या हिवाळ्यात वर्गातली मुले बरीचशी टिकली. मुलांची संख्या तीच होती, बदलली होती ती सोय.

शिक्षेने काय होते तेही सांगतो. सप्टेंबर 2001 नंतर तिसरे मूल झाले तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. मुलगाच हवा म्हणून घरच्यांनी जिला तिसऱ्या बाळंतपणाला लावले, तीच बाई नंतर उमेदवारीला मुकते. ज्यांनी ठरवले त्यांतल्या सासऱ्याचे काहीच बिघडत नाही. आणि आता तर 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुले, 1.7 आला आहे; माणसे आपणहूनच कमी मुलांवर थांबत आहेत. त्यांना आता दटावण्यापेक्षा पाळणाघर, चांगली सरकारी शाळा आणि दवाखाना द्यायला हवा.

एक आगाऊपणा करतो. तुमच्या पानावरची खासगी शाळेची फी अटळ आहे असे धरून चालू नका. जवळची महापालिकेची शाळा एकदा आत जाऊन पाहा, गुरुजींशी बोला, मगच तो आकडा कायम करा.

एकुलती

मी एकुलती एक. 1979 साली माझे आईवडील कळव्याला एका खोलीत राहत होते, आणि पैशांमुळे एकावर थांबायचे ठरवले हे त्यांनी माझ्यापासून कधी लपवले नाही. त्या निर्णयाने मला अभ्यासाचे स्वतःचे टेबल मिळाले आणि हवे ते शिक्षण मिळाले. दोन वर्षांपूर्वी वडिलांना पक्षाघात झाला, तेव्हा रुग्णालयाच्या अर्जावर दुसऱ्या नातेवाइकाचे नाव लिहायच्या रकान्यापाशी माझे पेन थांबले. तो क्षण मी विसरलेले नाही. पण पहिल्याला आधार हवा म्हणून दुसरे मूल आणू नये असेही मी म्हणेन, कारण शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना तीन मुलगे होते आणि रात्री थांबायला रोज एकच सून यायची.

पैशांचा विचार करणे म्हणजे प्रेम कमी असणे नव्हे. र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे काम सुरू केले आणि त्यापायी प्राध्यापकी गमावली. 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला, तो डॉ. आंबेडकरांनी तयार केला होता आणि त्यांच्या पक्षाच्या रोहम यांनी मांडला. ठराव नामंजूर झाला, पण त्यामागे गरिबीइतकाच बाईच्या प्रकृतीचाही विचार होता, आणि हा दुसरा भाग आपण सोयीने विसरतो. वरच्या सगळ्या चर्चेतही तो आलेला नाही. ताई, तुमचे पहिले बाळंतपण कसे झाले, हे तुम्ही लिहिलेच नाही.

ओंजळ

सर्वांचे मनापासून आभार. एकुलती ताई, तुमचा प्रश्न वाचून मी बराच वेळ तशीच बसले. माझे सिझेरियन झाले होते आणि त्यानंतर हिमोग्लोबिन आठवर आले होते. वर्षभर जिना चढताना धाप लागायची. त्याला रुपये लावता येत नाहीत म्हणून ते मी पानावर घेतलेच नव्हते.

काल वही यजमानांसमोर पुन्हा उघडली. माझा दोन वर्षांचा पगार आकड्यात लिहिलेला पाहून ते गप्प झाले, आणि मग स्वतःच म्हणाले की रात्री उठण्याचे काम कुणाचे, तेही लिही. ते लिहिले आहे. पुढच्या आठवड्यात मी डॉक्टरांकडे तपासणीला जाणार आहे, या वेळी तेही सोबत येणार आहेत. आवर्ती ठेव 9,000 ची जमली नाही, 7,000 ची सुरू केली. दिवाळीपर्यंत चार हप्ते होतील. दुपटी फळीवरच आहेत. दिवाळीच्या आवराआवरीत ती खाली काढावी लागतीलच, तोवर ठरवायचे असे आम्ही दोघांनी म्हटले आहे.