पणजीचं माहेर कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे कुडाळ तालुक्यातले, पणजोबा गिरणीत लागले तेव्हापासून लालबागला चाळीत. दोन वर्षं झाली मी घरची वंशावळ काढतेय. भावकीतल्या एका काकांच्या वहीत सहा पिढ्या मिळाल्या पण सगळे पुरुषच, बायकांच्या जागी काहीच नाही. मला पणजीचं माहेर शोधायचंय. लग्नात ताटातल्या तांदळावर नवीन नाव लिहिलं, तेच आम्हाला ठाऊक, मूळ नाव आणि माहेरचं आडनाव कोणालाच नाही. मृत्यूच्या दाखल्यावरही सासरचंच नाव. आजोबा, त्यांची भावंडं सगळे गेले, फक्त चुलत आजी आहे, ऐंशीच्या पुढची, तिला विचारलं तर म्हणाली सासूला नाव विचारायची पद्धत होती का गं आमच्यात. ऐकून रडूच आलं. जिने एका खोलीत आठ माणसांचं केलं तिचं नावच आपल्याला माहीत नसावं? कुठून सुरुवात करू? काळाघोड्याला पुराभिलेखात जाऊ का?

गिरणगावकर
ताई तिथे आत्ताच नको, ते सरकारी दप्तर आहे, गाव माहीत नसताना हाती काही लागणार नाही. आधी आजोबांचा मामा शोधा. मामाचं आडनाव तेच पणजीचं माहेर ना! चुलत आजीला सासूबद्दल विचारू नका, तुझ्या लग्नात नवऱ्याच्या मागे मामा म्हणून कोण उभा होता ते विचारा, बायकांना लग्नातलं सगळं आठवतं. घरात जुन्या लग्नपत्रिका, आहेराची वही असेल तर ती पण काढा. आणि गावच्या मुंबई मंडळात जुनी माणसं असतात, आमच्या गावकीच्या खोलीत वर्गणीच्या वह्या अजून जपून ठेवल्यात.

सातबारावाला
आडनाव आणि गाव कळलं की तिथल्या तलाठ्याकडे फेरफार (जमीन कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर गेली त्याची नोंद) आणि वारस नोंद मागा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुली पण वारस लागतात, म्हणजे पणजीचे वडील त्यानंतर वारले असतील आणि नावावर जमीन असेल तर लग्न झालेली मुलगी म्हणून तिचं नाव त्यात असायला हवं, बहुतेक सासरच्याच नावाने, पण कोणाची मुलगी ते पक्कं होतं. बहिणींनी भावाला हक्कसोडपत्र करून दिलेलं असतं, ते पण बघा. अजून एक, सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा, त्याआधीच्या कागदावर जिल्हा रत्नागिरी असणार, आणि कुडाळ १९४८ पर्यंत सावंतवाडी संस्थानात होतं, त्यामुळे १९४८ च्या आधीचं काही रत्नागिरीच्या जुन्या दप्तरात शोधत बसू नका. जुन्या नोंदी मोडीत असतील, वाचणारा माणूस सोबत न्या.

मोडीवेडी
नाशिक-त्र्यंबकला घरातलं कोणी श्राद्धाला गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांकडची नामावळ, म्हणजे येऊन गेलेल्या घराण्यांच्या नावांची वही बघा, गाव आणि आडनाव सांगितलं की बाड काढतात. आमच्या नामावळीत पणजोबांच्या आईचं नाव होतं, मोडीत, मी त्या अक्षरांवरून कितीतरी वेळ बोट फिरवत होते. आणि भांडी बघा हो! आहेराच्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव घातलेलं असतं.

प्रश्न विचारणारी
काल चुलत आजीकडे गेले होते. माळ्यावरची पितळी कळशी काढली, काळी ठिक्कर पडलेली, चिंच लावून घासली तर काठाखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं, 'परब, पिंगुळी यांजकडून'. आजीला वाचून दाखवलं तर लगेच म्हणाली, अगो ते मामा, लग्नात ह्यांच्या मागे उभे होते, गणपतीला सोलं घेऊन यायचे. इतकी वर्षं त्याच घरात पाणी भरत होती त्या कळशीने! पणजीचं पहिलं नाव अजून नाही मिळालं. मे महिन्यात पिंगुळीला जातेय, आधी परबांची घरं फिरणार, मग तलाठी. मोडी वाचणारं कोणी कुडाळकडचं असेल तर मेसेज करा प्लीज.