प्रति: पाचवा भाग खरंच पोरखेळ झाला का?

‘सिव्हिलायझेशन ५’ या राज्य उभारायच्या कॉम्प्युटर गेमचा सोपा करून पोरखेळ केला, हे वरच्या पोस्टचं म्हणणं मला अर्धंच पटते. चौथ्या भागातले धर्म अन् हेरगिरी काढली हे खरं. २०१२मध्ये ‘गॉड्स अँड किंग्ज’ या वेगळ्या जोडभागाच्या नावानं तेच परत विकलं! पण आता नकाशावरच्या एका षटकोनी घरात एकच लढाऊ तुकडी, म्हणजे चौथ्या भागातले एकाच घरात रचलेले फौजांचे ढीग गेले. इथं डोकं जास्तच लागते.

राहिलं भारी ग्राफिक्स कार्डाशिवाय (पडद्यावरची चित्रं काढणारा भाग) खेळ चालत नाही, हे रडगाणं. राजेहो, एफ१० दाबून पाहा. सपाट नकाशा येते, खेळ तोच. दारव्ह्याकडं आमच्या गावात जुन्या डबा कॉम्प्युटरवर मी असाच खेळतो. डावाच्या शेवटी शेवटी मात्र कॉम्प्युटरच्या चाली होऊन माझी पुढची पाळी येईपर्यंत वावरातली मोटर चालू करून येणं होते. त्या चालींचा हिशेब हे काम प्रोसेसरचं, तिथं एफ१० कामाचं नाही. अन् मधातच लाइन गेली, तर ऑटोसेव्हचा, म्हणजे आपोआप जतन झालेल्या डावाचा, भरवसा.